सात खटक्यांचं डबडं

परवा माझ्या नातवानं दोन तास खर्ची घालून घरात इंटरनेटचा नवा राऊटर बसवला. पांढरं डबडं, त्याला दोन शिंगं, आणि नातू मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच्याशी पुटपुटत बसलेला. फायरवॉल चालू, मल्टिकास्ट बंद, अमुक चालू, तमुक बंद. मी विचारलं, "हे काय असतं रे?" तर म्हणाला, "आजी, फायरवॉल म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं ते ठरवणं. मल्टिकास्ट म्हणजे एकच गोष्ट एका वेळी ज्यांना हवी त्यांना पाठवणं. तुला नाही कळायचं." मी म्हटलं, बाळा, मी हे चौदाव्या वर्षी केलंय, तेही लाकडी डब्यावर, आणि एकदा असं चुकवलं की अख्ख्या लाईनीत तोंड दाखवायची पंचाईत झाली. तो हसला. म्हाताऱ्या बायका काहीबाही बोलतात, तसं तो हसला. म्हणून ते इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे मी गेल्यावर तरी त्याला पटेल.

आम्ही नागपुरात धंतोलीच्या मागे, नाल्याच्या अलीकडे, सरकारी क्वार्टरात राहायचो. एका ओळीत आठ क्वार्टर. त्याला सगळे लाईनच म्हणत. एक नंबरात हेडक्लार्क पाठक, तिथून सुरू होऊन लाईन नाल्याकडे उतरत यायची, आणि अगदी शेवटी, जिथे नाल्याचा वास सगळ्यांच्या आधी पोचायचा, तिथे आठ नंबरात आम्ही मेश्राम. माझे बाबा पाठकांच्याच खात्यात वायरमन होते, म्हणून सगळी लाईन त्यांना मिस्त्री म्हणायची. आमच्या घरी बुद्धाची दीक्षा झाली तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळे देव सोडल्याचं दुःख मला कधी झालं नाही आणि सोडल्याचा आनंदही आयताच मिळाला. लाईनीतल्या बाकीच्या सात घरांना मात्र आमची दीक्षा आणि तिच्या आधीचं सगळं चांगलं पाठ होतं. कोणी तोंडावर वाकडं बोलत नसे. बाबा कोणाच्या घरी फ्यूज बांधायला गेले की चहा विचारला जायचा, आणि बाबा म्हणायचे, "मी चहा घेत नाही." घरी मात्र हाच माणूस दिवसाला पाच कप प्यायचा. कारण त्या घरांतून त्यांच्यासाठी निघणारा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला, आणि बाबांना तो दिसायचा. मी लहानपणी बरीच वर्षं समजत होते की चहा ही फक्त घरीच प्यायची गोष्ट आहे.

बाबांना आवाजाचं वेड होतं. इतवारीच्या भंगार बाजारातून त्यांनी वाल्व्हचा एक जुना रेडिओ आणला, त्याला अॅम्प्लिफायर जोडला, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून लाकडी खोक्यात तो संसार मांडला. खटका दाबला की दोन मिनिटं नुसती ऊब यायची, मग काचेचे वाल्व्ह तांबूस दिसायला लागायचे, मग घसा खाकरल्यासारखं करून एकदम कोणीतरी गाऊ लागायचं. उन्हाळ्यात माय त्या डब्यावर खेकसायची, "चूल काय कमी पडते का गरमीले, हे आनखी एक आनलं!" तेव्हा लाईनीत रेडिओ फक्त आमच्याकडे होता. क्रिकेटची कॉमेंट्री लागली की आमच्या खिडकीबाहेर गर्दी व्हायची. सगळे बाहेर, उन्हात, नाल्याच्या काठावर उभे. माय म्हणायची, "या ना आत, बसा." ते म्हणायचे, "नाही, इथंच बरं, हवा येते." मे महिन्यात नागपुरात बाहेर हवा येते हे ऐकून माय आत जाऊन पदरात हसायची.

शेवटी बाबांनीच तोड काढली. लोक आत येत नाहीत तर आवाज बाहेर जाऊ दे. त्यांनी सात छोटे स्पीकर जमवले, सात खोकी केली, आणि छपराखालून वायर ओढत ओढत एक नंबरापर्यंत नेली. सगळ्या सात घरांनी आनंदानं भिंतीला खिळे ठोकून दिले. मला तेव्हाही याची गंमत वाटली होती आणि आजही वाटते. आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं, पण करंट चालायचा. पाठककाकू सोवळं नेसून देवपूजा करायच्या, आणि त्यांच्या देव्हाऱ्यावरच्या भिंतीला टांगलेल्या खोक्यातून आमच्या घरातली भक्तिगीतं वाजायची. देवानं कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात त्या खोक्याच्या पुढल्या बाजूला सात खटके होते, एका घराला एक. खटका वर केला की त्या घराला ऐकू जायचं, मध्ये ठेवला की बंद. हे खटके सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबा ड्यूटीवर असत आणि माय त्या डबड्याला हात लावत नसे. तुम्हाला वाटेल, सोपं काम. अजिबात नाही. पाठककाकूंना दुपारी सिनेमाची गाणी नकोत, कारण त्यांच्या मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यांचा मुलगा मागच्या दारानं येऊन मला सांगायचा, की दुपारीच हवीत. तीन नंबरच्या गावंडेकाकूंना गाणी हवीत पण बातम्या नकोत, कारण बातम्या ऐकून त्यांच्या सासूचा रक्तदाब वाढतो. पाच नंबरचे तिवारीजी म्हणत, "बेटी, हमको खाली भजन और क्रिकेट." मी एका पुठ्ठ्यावर तक्ता करून खोक्यावर चिकटवला होता. कोणाला किती वाजता काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं. माझ्या नातवाला मी हेच सांगत होते. आणि हो, आमच्या घरची बुद्धवंदना त्या वायरीतून कधी गेली नाही. बाबांनी ती पाठवावी असं कोणी म्हटलं नाही, पाठवू नये असंही कोणी म्हटलं नाही. सकाळी आमची वंदना व्हायची तेव्हा बाबा स्वतः उठून सातही खटके मध्ये करायचे. तो नियम मी तक्त्यावर लिहिला नव्हता, तरी तोच सगळ्यांत कडक पाळला जायचा.

मग तिवारीजींना वाटलं, आपण एवढी छान पेटी वाजवतो, शनिवारी संध्याकाळी आपली भजनं सगळ्या लाईनीला ऐकवता आली तर? बाबा खूष झाले. कठीण काम दिलं की ते खूष व्हायचे. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "हे पाय बेबे, स्पीकरचं तोंड न कान एकच असते. करंट देला त हा कागदी भोंगा हालते न आवाज निंघते. आवाज देला त तोच भोंगा हालते न करंट निंघते. आपुन फक्त वायर उलटी कराची." त्यांनी सातही खटक्यांना तिसरी जागा दिली. खाली. खटका खाली केला की त्या घरातला स्पीकर ऐकवायचं थांबवून ऐकायला लागायचा, आणि तिथलं बोलणं आमच्या डब्यातून मोठं होऊन, ज्यांचे खटके वर असतील त्या सगळ्या घरांत जायचं. आमच्यासाठी त्यांनी जुन्या टेलिफोनचा बोलायचा तुकडा जोडला होता. नियम एकच. घरातल्या माणसानं सांगितल्याशिवाय त्याचा खटका खाली करायचा नाही. बाबा म्हणाले, "नाही त चोरी होते ते." दर शनिवारी पाच वाजता मी तिवारीजींचा खटका खाली करायची, बाकीचे वर, आणि लाईन भजनात न्हाऊन निघायची. ज्यांना न्हायचं नव्हतं ते आपल्या खोक्याचं बटण पिळून आवाज बारीक करत.

इथे मायबद्दल सांगायला हवं. मायला माणसांची फार हौस. काही गोड केलं की ती सात ताटल्या भरायची आणि मला लाईनीत पाठवायची. आपल्याकडे कोणाची ताटली रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आमच्या ताटल्या नेहमी रिकाम्या यायच्या, घासूनपुसून लखलखीत. माय त्या उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "पाय, किती चांगली घासली!" मी म्हणायची, माय, रिकामी आहे. ती म्हणायची, "बायाले काम असते वं. काही टाकाचं राहून जाते." हे इतकी वर्षं राहून जात होतं.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमा रविवारी आली. मायच्या मनात आलं की नुसत्या ताटल्या नाही, या खेपेला सगळ्या लाईनीला जेवायलाच बोलवायचं. ती स्वतः घराघरांत गेली. दीक्षेनंतर कुंकू लावत नसली तरी नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन गेली. आणि काय आश्चर्य, सातही घरांनी हो म्हटलं. पाठककाकू तर म्हणाल्या, "अगं बाई, येऊ की, त्यात काय!" माय घरी आली ती उडतच. तीस माणसांचा अंदाज धरला. वडाभात, आमरस, कुरडया, कढी आणि पौर्णिमेची खीर. खाप्याहून माझा मामा शुक्रवारीच येऊन दाखल झाला. मामा पाट्या रंगवायचा आणि रिकामं बसणं त्याला जमत नसे. आल्या आल्या त्यानं दार रंगवलं, खिडकी रंगवली, आणि उरलेल्या लाल रंगात आमचं डबडंही रंगवून काढलं. वरून पिवळ्या रंगात, सावली देऊन, खटक्यांखाली ठसठशीत आकडे काढले. एक, दोन, तीन असे सातपर्यंत, डावीकडून उजवीकडे. रंग ओला म्हणून त्या दिवशी डब्याला कोणी हात लावला नाही. इतकं सुंदर दिसत होतं ते की बाबा ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी लांबूनच वाहवा केली आणि झोपून गेले.

शनिवारी दुपारी बाबा आणि मामा आंबे आणायला कॉटन मार्केटला गेले. माय चुलीपुढे उडीद-मुगाची डाळ निवडत बसली होती. पाच वाजले. मी डब्यापुढे बसले. आता बघा, बाबांनी वायर आमच्या बाजूनं ओढत नेली होती, त्यामुळे पहिला खटका आमच्या शेजारच्या सात नंबरचा, आणि शेवटचा पाठकांचा. हे माझ्या बोटांना पाठ होतं. डोळे मिटूनही मी तिवारीजींचा खटका खाली केला असता, डावीकडून तिसरा. पण समोर मामाचा देखणा पाच होता, सावलीसकट. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की लिहिलेलं ते खरं. मी बोटांचं ऐकलं नाही, आकड्याचं ऐकलं, आणि डावीकडून पाचवा खटका खाली केला. तो गावंडेकाकूंचा होता.

पेटीच्या जागी एकदम शेवयांचं मशीन ऐकू आलं. करकर, करकर. मग बायकांचं हसणं. गावंडेकाकूंकडे त्या दिवशी शेवया चालल्या होत्या. शेवया, पापड, कुरडया या कामांना लाईनीतल्या बायका एकमेकींकडे जात. मायला त्या कामांना बोलावणं नसायचं. मी खटक्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात डब्यातून गावंडेकाकू म्हणाल्या, "मी त म्हणतो, सरळ सांगून देऊ का पौर्णिमेचा उपास हाय." माझा हात तिथेच थांबला.

"सातही घरांत एकदम उपास?" हा पाठककाकूंचा आवाज. "थोडं वेगवेगळं सांगा बाई. तुम्ही उपास म्हणा, मी नवस म्हणते. बोलावलं तेव्हा तोंडावर नाही कसं म्हणणार? माणसं चांगली आहेत हो. मिस्त्री तर देवमाणूस. पण रेडिओ वेगळा आणि ताट वेगळं." तिसरी कोणीतरी म्हणाली, "दर खेपेले ताटली पाठोते न थे. लाडू, करंज्या." पाठककाकू म्हणाल्या, "मी तर गाईला घालते. गाईला चालतं." आणि पुन्हा हसणं, पुन्हा करकर.

गावंडेकाकूंच्या घरात कोणाला काही कळत नव्हतं, कारण त्यांचं खोकं त्या वेळी ऐकत होतं, वाजत नव्हतं. बाकी सहा घरांत मात्र हे सगळं भजनासाठी ठेवलेल्या मोठ्या आवाजात चाललं होतं. तिवारीजी पेटीवर बोटं ठेवून पहिली ओळ घेणार, तोच त्यांच्याच खोक्यातून गाय आणि लाडू बाहेर आले. ते धोतर सावरत पळत आमच्या खिडकीशी आले. "अरे बेटी, बंद करो! ये क्या लगा दिया? हमारा भजन किधर गया?" मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि खटका तसाच ठेवला.

आता खरं सांगते. पुढे मी सगळ्यांना सांगितलं की मी घाबरून गेले, मला सुचलं नाही. बाबांना सांगितलं, मामाला सांगितलं, लग्नानंतर नवऱ्यालाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. पहिलं अर्धं मिनिट चूक होती. नंतरचा सगळा वेळ मी हातात खटका धरून, पूर्ण शुद्धीवर, तो खाली ठेवून बसले होते. मला वाटत होतं, ऐकू दे सगळ्यांना. पाठककाकांना त्यांच्या खोक्यातून ऐकू दे. त्यांच्या देव्हाऱ्याला ऐकू दे. आणि त्या रागात माझ्या लक्षातच आलं नाही की सगळ्यांत जवळून ऐकणारी माय आहे, माझ्यामागे चार हातांवर, डाळीचं सूप मांडीवर घेऊन. लाईनीतली दारं उघडी असल्यामुळे शेजारच्या खोक्यांचा आवाज गावंडेकाकूंच्या घरात शिरला, त्यांच्या खोक्यानं तोही उचलला, आणि सगळ्या लाईनीत एक भयंकर शिट्टी वाजली. तेव्हा त्या बायकांना कळलं. मशीन थांबलं. मी खटका वर केला.

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. मागून माय म्हणाली, "बेबे, किती घरं आयकून राहिले होते?"

"सहा."

"सहाच्या सहा?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि डाळीतला खडा काढून बाजूला टाकला.

बाबा आणि मामा आंब्यांची पाटी घेऊन आले तोवर तिवारीजींनी त्यांना वाटेतच गाठून सगळं सांगितलं होतं. बाबांनी पाटी खाली ठेवली, पक्कड उचलली आणि छपराला शिडी लावली. इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्यांची भीती वाटली. सात वायरी त्यांनी तिथल्या तिथे कापल्या असत्या. माय बाहेर आली आणि शिडी धरून उभी राहिली. "उतरा खाली, बेबीचे बाबा."

"काहून? यायले मी दहा साल गानं आयकवू न हे माह्या घरचं गाईले चारतीन?"

"तुमी तोडसान त म्हणतीन, मिस्त्रीनं रागारागात तोडली. ज्याले नाही पायजे त्यानं तोडाव. त्यायच्या घरी काय कैची नाही?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आन तुमी तरी दहा साल चहा पेत नाही म्हणून सांगतच आले ना." बाबा शिडीच्या चौथ्या पायरीवरून खाली उतरले. मामा मध्येच म्हणाला, "आकडे उलटे झाले काय? मले कोणी सांगतलंच नाही." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मला वाटलं, आता जेवण रद्द. तीस माणसांचे आंबे आम्ही चौघं खात बसणार. पण झोपायच्या आधी मायनं मामाला पुन्हा बाजारात पिटाळलं, आणि दुसऱ्या दिवशी उठले तर एका मोठ्या पातेल्यात साबुदाणा भिजलेला, दुसऱ्यात भगर धुतलेली, आणि दाराशी केळ्यांचा अख्खा घड. वंदनेची वेळ झाली. बाबा सवयीनं खटके मध्ये करायला गेले आणि मग हात मागे घेऊन बसून राहिले. त्या दिवशी खटके वरच होते. वंदना संपल्यावर माय उठली, पदरानं तोंड पुसलं आणि टेलिफोनचा तो तुकडा हातात घेतला. "कुठून बोलाव?" तिनं मला विचारलं. मी दाखवलं. तिनं तो तोंडापासून वीतभर लांब धरला आणि मोठ्यानं, बाजारात भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलली.

"मी आठ नंबरातून मेश्रामबाई बोलून राहिली. आज बारा वाजता आमच्या घरी जेवाचं हाय, तुमाले मालूमच हाय. वडाभात हाय, आमरस हाय, खीर हाय. ज्याले उपास असन त्याच्यासाठी साबुदान्याची उसळ न भगर केली हाय. ज्याचा नवस असन त्याच्यासाठी केळं हाय, सालीसकट. साल आपल्या हातानं काढा, आतमंधी कोणाचा हात लागत नाही. आन ज्याले नाहीच याचं त्यानं येऊ नोका. पन मंग मी येत नाही, असं म्हणा. गाईचं नाव सांगू नोका." तुकडा माझ्या हातात देऊन ती चुलीकडे गेली. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. बाबा हसले नाहीत. ते उठून अंघोळीला गेले आणि तिथे फार वेळ पाणी वाजत राहिलं.

बारा वाजले. पाट मांडलेले, पत्रावळी लावलेल्या, कोणी नाही. बारा वीस. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. मग खिडकीशी खाकरणं ऐकू आलं. तिवारीजी होते. दारातच उभं राहून त्यांनी एक केळं घेतलं, साल काढली, उभ्याउभ्या खाल्लं. "बहुत मीठा है," म्हणाले. मग आत खिरीच्या पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाले, "व्रत तो अब टूट ही गया," आणि आत येऊन पहिल्या पाटावर बसले. कोणतं व्रत ते आम्ही विचारलं नाही. त्यांनी चार वाट्या आमरस घेतला आणि प्रत्येक वाटीनंतर बाबांच्या अॅम्प्लिफायरची तारीफ केली. शेजारच्या सात नंबरची दोन मुलं घरी न सांगता आली आणि खीर खाऊन पळाली.

साडेबाराला गावंडेकाकू आल्या. बरोबर दोन्ही मुलं. दारात आल्या आणि तिथेच खिळल्या. कालचा आवाज त्यांच्या घरातून गेला होता, त्यामुळे लाईनीत सगळ्यांत जास्त चर्चा त्यांचीच झाली होती. माय वाढत होती. तिनं वर न बघता विचारलं, "उपास हाय का?"

"नाही."

"मंग बसा. वडे गरम हायेत."

त्या बसल्या. दोन घास खाल्ले आणि पत्रावळीकडे बघतच म्हणाल्या, "बाई, मी नाही देल्ले लाडू गाईले. मी मोलकरनीले देल्ले. तिच्या लेकरायनं खाल्ले." अशी माफी मी नंतर आयुष्यात कोणाकडून ऐकली नाही, आणि इतकी खरीही ऐकली नाही. माय म्हणाली, "चांगलं झालं. लेकरायच्या पोटात गेले," आणि त्यांच्या भातावर फोडणीचं तेल घातलं. गावंडेकाकूंनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. तेव्हा मायनं न विचारता दोन वडे जास्तच वाढले.

बाकी कोणी आलं नाही. पाठककाकू तर नाहीच. त्यांनी वायरही तोडली नाही, कारण चार दिवसांवर क्रिकेट होतं आणि पाठककाकांचा जीव कॉमेंट्रीत. पुढे आम्ही ते क्वार्टर सोडेपर्यंत त्यांच्या घरी आमचा आवाज जात राहिला. कोणी कोणाला काही बोललं नाही. लोक मला विचारतात, मग लाईन बदलली का? नाही हो. गावंडेकाकू बदलल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मायला शेवयांना बोलावलं आणि त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरी कोणी आली नाही. दोघींनीच मशीन फिरवलं.

त्या रविवारी दुपार उतरल्यावर आम्ही मागच्या अंगणात भांडी घासत बसलो होतो, मी आणि माय. पंचवीस माणसांचं अन्न उरलं होतं. बाबा आणि मामा ते पातेल्यांतून भरून घेऊन आमच्या नातलगांच्या वस्तीकडे गेले होते. साबुदाण्याचं पातेलं तर कोणी शिवलंही नव्हतं. मला राहवेना. राखेचे हात तसेच धरून मी म्हटलं, "माय, काल मी घाबरली नव्हती. मले खटका उचलता येत होता. मी नाही उचलला."

माय पातेलं घासत राहिली. "मले मालूम हाय."

"मंग तू मले मारलं काहून नाही? तू त मागंच बसून होती. तुले आयकावं लागलं सारं."

तिनं पातेलं धुतलं, उजेडात धरून बघितलं आणि माझ्याकडे दिलं. "मी बी त उठली नाही ना वं," ती म्हणाली. "दोन पावलावर होता खटका. दहा साल मनातल्या मनात आयकत होती, एकदा कानानं आयकाचं होतं." मग तिचे डोळे भरून आले. हात राखेचे म्हणून तिला ते पुसता येईनात, तेव्हा मी माझ्या फ्रॉकनं पुसले.

"चाल, आटप," ती म्हणाली. "साबुदाना गार झाला, आपुन खाऊ."